न झाडलेल्या परसातला नवरंग: सांगलीतल्या एका घराचे सहा दिवस

आधीच सांगून टाकते, मी पक्षीमित्र वगैरे काही नाही. कावळा, चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, आणि आवाजावरून कोकीळ, इथे माझं ज्ञान संपतं. त्यामुळे हे जे लिहितेय ते म्हणजे आमच्या परसात सहा दिवस काय घडलं, आम्ही काय केलं, त्यात काय काय चुकलं आणि तो पक्षी तिथे आलाच कसा याचा मला जमेल तसा लावलेला छडा. पुरावे म्हणाल तर एक शंभरपानी वही, तिच्यात वेळा टिपल्यात. मोबाईलमधे बावीस फोटो, त्यातले अठरा हललेले. आणि काचेवरचा एक डाग, जो आता पुसला गेलाय.

घर सांगलीत, विश्रामबागच्या पुढे एका जुन्या कॉलनीत. तिथे आई एकटी राहते. २०२५ च्या मार्चमधे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी लॅपटॉप आणि चिरंजीव (वय ११) असं सामान घेऊन पुण्याहून माहेरी आले, ती जूनपर्यंत तिथेच. घराच्या मागे परस आहे, फार मोठं नाही, एक रायवळ आंबा, एक रामफळ, कढीपत्ता, भिंतीला लागून जास्वंदीची गर्दी, धुण्याचा दगड आणि एक कोरडा हौद. आईचं या परसावर इतकं लक्ष की रोज सकाळी चहाच्या आधी खराटा फिरायचा, एक पान दिसायचं नाही. आता तिला वाकता येत नव्हतं, मला नऊ वाजता मीटिंग असायची, आणि कामाच्या मावशी म्हणाल्या ताई मी आतलं करीन, परसाचं काय बोलणं झालं नव्हतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटापासून गळलेली आंब्याची सगळी पानं तशीच पडून होती, घोटा बुडेल एवढा थर. शेजारच्या काकू दोनदा भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अगं विंचूकाटा निघेल की." मला लाज वाटायची पण वेळ नव्हता, खरं सांगायचं तर उत्साहही नव्हता. हा थर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

दुसरी गोष्ट हवामान. त्या वर्षीचा मे आठवत असेल तर आठवेल, मे कसला, जुलैच होता तो. मान्सून केरळात २४ मेला आला, एरवी १ जून धरतात, आणि मुंबईत २६ मेला, जिथे ११ जून धरतात. त्याच्याही आधीपासून आमच्याकडे वळवाचा धिंगाणा चालू होता. मंगळवारी, २० तारखेला संध्याकाळी असा पाऊस झाला की आठ वाजता लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही. सगळी कॉलनी काळीकुट्ट. फक्त तीन घरं पलीकडे लग्नघर होतं, मांडव घातलेला, गच्चीवर दोन मोठे हॅलोजन, आंब्यावर माळा, आणि त्यांचा जनरेटर रात्रभर धडधडत होता. आई अंधारात म्हणत होती, "त्यांना म्हणावं एक वायर इकडे टाका."

बुधवारी सकाळी सहा वीसला चिरंजीव दात घासत मागच्या दारात गेला आणि ओरडला, "आई, इथे रंगीत कोंबडीचं पिल्लू बसलंय."

मागे भावाने तीन वर्षांपूर्वी एक खोली वाढवलीय, तिला परसाच्या बाजूने भलं मोठं स्लायडिंग आहे, त्या गडद काचेचं ज्यात आतून बाहेरचं दिसतं पण बाहेरून फक्त आरशासारखी झाडं दिसतात. त्या काचेच्या बरोबर खाली, ओल्या फरशीवर, एक पक्षी मान आत ओढून गोळा होऊन बसला होता. साळुंकीपेक्षा जरा लहान असेल. आणि रंग, अहो रंग म्हणजे काय सांगू. डोक्यावर मधोमध काळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना बदामी पट्टे, डोळ्यावरून मागे जाणारा जाड काळा पट्टा जसं काही झोपेत काजळ फिसकटलंय, त्याच्यावर बारीक पांढरी भुवई. गळा पांढरा. पोट पिवळसर बदामी. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा तुकडा, आणि शेपटीच्या खाली कुंकवाची पुडी सांडावी तसा लालभडक. शेपूट मात्र जवळजवळ नाहीच, कुणीतरी कात्रीने कापल्यासारखी.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही तिघांनी मिळून जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. चिरंजीव ड्रॉपर घेऊन आला आणि चोचीत पाणी घालायला लागला. आई वॉकर टेकत आली, म्हणाली पोपटाचं पिल्लू आहे गं हे, आणि भिजवलेले तांदूळ टाकले. मी एका हातावर फोन धरून फ्लॅश मारून फोटो काढले, तेही अगदी जवळून, त्या बिचाऱ्याने डोळे मिटले तर मला वाटलं झोप आली असेल. एवढ्यात काकू. त्यांनी एका नजरेत निकाल दिला, "परदेशी आहे हा. कुणाच्या तरी पिंजऱ्यातनं सुटलाय. आमच्या नातवाचा पिंजरा रिकामाच आहे, आणू का?" आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर मी हो म्हणणार होते. भिंतीवर बोका बसला होता, तो गल्लीतला पिवळा, आणि मला वाटलं की पिंजऱ्यात निदान जिवंत तरी राहील.

वाचवलं ते एका फोनने. माझ्या शाळेतले जीवशास्त्राचे सर, आता रिटायर होऊन बारा वर्षं झाली, रोज पहाटे दुर्बीण घेऊन कृष्णाकाठी जातात. मी फोटो पाठवला, मिनिटाच्या आत फोन.

"नवरंग आहे. हात लावू नका. म्हणजे लावा, पण सांगतो तसा."

मग त्यांनी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. दोन्ही डोळे सारखे उघडतात का? दोन्ही पंख एकाच उंचीला आहेत का एक लोंबतोय? पायांवर उभा आहे का कुशीवर? रक्त आहे का? आणि सगळ्यात आधी, मांजराने तोंड लावलंय का? हे त्यांनी तीन वेळा विचारलं. मांजराचा दात नुसता टेकला तरी त्याच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी दोन दिवसांत जातो म्हणे, वरून जखम दिसतही नाही, तसं असेल तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. आणि पंख लोंबत असेल तर वन विभागाला १९२६ नंबरवर फोन करायचा, घरी प्रयोग करायचे नाहीत. आमच्या पाहुण्याचे पंख सारखे होते, डोळे उघडे होते, फक्त भंजाळलेला होता. "धडकलाय कुठेतरी," सर म्हणाले. "त्याला अंधार द्या. बाकी काही देऊ नका. पाणी तर अजिबात नाही, घशातून श्वासनळीत गेलं की संपलं." मी चिरंजीवाच्या हातातल्या ड्रॉपरकडे बघितलं.

शाळेच्या नव्या बुटांचा खोका घेतला. भोकं आधी पाडायची, पक्षी आत असताना पेन खुपसत बसायचं नाही. तळाला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, टॉवेल नाही, कारण टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात. मी दुसरा तुकडा त्याच्यावर अलगद टाकला आणि दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचलला. वजन म्हणजे काहीच नाही, एखादं बटाट्याचं लहान नग, पण आत काळीज असं धडधडत होतं की माझ्या तळव्याला जाणवत होतं, त्या जनरेटरसारखं. खोका ठेवायचा कुठे? घरात सगळ्यात शांत आणि अंधारी जागा देवघर. आईने एक क्षण विचार केला, म्हणाली ठेव, पूजा आज उशिरा.

सात वाजायला पाच कमी असताना आत ठेवला. उघडून बघायचं नाही अशी सरांची सक्त ताकीद, कारण दर वेळी उजेड आणि आपलं तोंड दिसलं की त्याला वाटतं आता खाल्लं. चिरंजीव दाराबाहेर मांडी घालून बसला होता. सात पन्नासला आतून खुडबुड ऐकू आली. सरांना मेसेज केला, उत्तर आलं, "खुडबुड चांगली. शांतता वाईट." आठ पंचवीसला खोका जास्वंदीखाली नेला, आडवा केला, झाकण काढलं आणि आम्ही मागच्या दारात येऊन उभे राहिलो. दोन मिनिटं काही नाही. मग उडी मारून बाहेर, अंग फुलवून झटकलं, ती कापलेली शेपूट दोनदा सावकाश खालीवर केली आणि आम्हाला वाटलं उडणार, तर हा पठ्ठ्या टुणटुण उड्या मारत सरळ त्या न झाडलेल्या पानांच्या थरात शिरला आणि चोचीने पानं उलटायला लागला. एक पान डावीकडे, एक पान उजवीकडे. तिसऱ्या पानाखालून गांडूळ निघालं. तांदूळ तिथेच पडले होते, त्याने त्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते नंतर साळुंक्यांनी खाल्ले.

काकूंच्या पिंजऱ्याचं काय झालं तेही लिहिते. सर दुपारी स्वतः आले, आणि त्यांनी काकूंना अगदी गोड आवाजात सांगितलं की वहिनी, हा जंगली पक्षी आहे, आपल्याच देशातला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा. काकू म्हणाल्या मी कुठं ठेवते म्हणाले. पण त्यांचा गैरसमज फक्त त्यांचा नाही हो. ज्याला ज्याला फोटो दाखवला त्यातल्या दहातल्या सात जणांनी परदेशी, ऑस्ट्रेलियन, आफ्रिकन असलं काहीतरी म्हटलं. आपल्या डोक्यात देशी पक्षी म्हणजे करडा नाहीतर काळा, रंग आले की इंपोर्टेड. आणि गंमत बघा, याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्दच मुळी आपल्या शेजारचा, पिट्टा, तेलुगूत पिट्ट म्हणजे छोटा पक्षी. दुसरा शब्द ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. थंडीत हा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, आणि उन्हाळा संपता संपता पिल्लं काढायला वर येतो, आपला सह्याद्री, मध्य भारतातली जंगलं, अगदी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत. तमिळमधे याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात कारण सकाळ-संध्याकाळ त्या सुमाराला शीळ घालतो. श्रीलंकेत तर गोष्ट आहे की मोराने याचा अंगरखा पळवला आणि हा तेव्हापासून तक्रार करत हिंडतोय. आईला ही गोष्ट फार आवडली, पण तिचं म्हणणं, याचे कपडे बघता चोरी उलटी झाली असेल.

आता मूळ प्रश्न, आला कसा. सर म्हणाले की मे-जूनमधे त्यांना दरवर्षी असे फोन येतात, कधी बाथरूमच्या खिडकीत, कधी जिन्यात, एकदा तर एका दुकानाच्या शटरमागे. म्हणजे आम्हाला जो चमत्कार वाटला तो त्यांच्या दृष्टीने सीझन होता. हे पक्षी स्थलांतर रात्री करतात, दिवसा नाही, रात्री हवा गार असते आणि ससाण्यासारखे शिकारी नसतात. त्यामुळे दिवसा आपल्या डोक्यावरून जाताना ते कधी दिसतच नाहीत, आपल्याला पत्ताच नसतो की वरून हायवे चालू आहे. ढग खाली आले, पाऊस लागला की ते खालून उडतात आणि मग उजेडाकडे ओढले जातात.

हे ऐकल्यावर मी मंगळवारची रात्र पुन्हा डोळ्यासमोर आणली. सगळा भाग अंधारात. ढग डोक्याला टेकलेले. आणि आख्ख्या कॉलनीत उजेडाचं एकच बेट, ते लग्नघर, आमच्यापासून तीन घरं. मग मी काच बघायला गेले. पाऊस वाऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूने आला होता त्यामुळे या काचेवरची धूळ तशीच होती, आणि त्या धुळीत जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक डाग होता. नीट बघितलं तर डाग नव्हता, ठसा होता. मधे गोल, बाजूला एका पंखाची अर्धी पसरलेली नक्षी, पिसांच्या रेघा मोजता येतील इतकी स्पष्ट. पावडर लावलेल्या हाताने काचेला टेकल्यासारखी. मी बराच वेळ तिथेच उभी होते, मीटिंगला उशीर झाला.

तर माझी मांडणी अशी. रात्री पावसात हॅलोजनच्या उजेडापाशी खाली उतरला, तिथे मांडव, माणसं, जनरेटर, म्हणून जवळच्या झाडीत रात्र काढली, ती झाडी म्हणजे आमचा आंबा नाहीतर काकूंचा फणस. उजाडताना हलला, काचेत त्याला झाडंच झाडं दिसली, आणि त्या झाडांत शिरायला गेला. ठसा काचेवरच्या प्रतिबिंबातल्या जास्वंदीच्या बरोबर मधे आहे, हे मी सकाळी त्याच वेळेला पुन्हा उभं राहून तपासलं. धडक काचेची हे पक्कं. उजेडाचा भाग माझा तर्क, पण सरांनी मान हलवली आणि सर उगीच मान हलवत नाहीत.

येण्याचं कोडं एवढ्यात सुटलं. पण मला जास्त डोकं खायला लावलं ते त्याच्या राहण्याने. बरा झाला, पंख ठीक, आजूबाजूला चांदोलीसारखं जंगल फार लांब नाही, मग हा सहा दिवस आमच्या परसात का? २१ ते २६ मे, रोज. पुढच्या अंगणात कधीच नाही, तिथे टाईल्स आहेत आणि मावशी झाडतात. काकूंचं परस आमच्याएवढंच, पण सगळं काँक्रीट, तिथे मला तो एकदाच दिसला, मिनिटभरसुद्धा थांबला नाही. आमच्यातही धुण्याच्या दगडाकडे नाही, फक्त आंब्याखाली आणि जास्वंदीच्या मागे, जिथे थर जाड. गुरुवारी मी सकाळी वीस मिनिटं खिडकीतून मोजलं, अकरा गांडुळं, दोन काहीतरी सुरवंटासारखं, एक गोगलगाय जी त्याने दगडावर आपटून सोडून दिली. खराटा फिरलेल्या जमिनीवर मे महिन्यात गांडूळ दिसत नाही, ती खाली जातात, माती भाजलेली असते. आमच्या थराखाली हात घातला तर माती काळी, गार, भुसभुशीत, वर वळवाचा पाऊस, म्हणजे त्याच्या हिशोबाने मांडव आमच्याकडेच होता आणि पंगतही.

आई हे ऐकून गप्प झाली. चाळीस वर्षं रोज झाडलंय तिने.

शुक्रवारी मात्र मी माती खाल्ली. फोटो बरा आला होता म्हणून स्टेटसला टाकला, वर कौतुकाने कॉलनीचं नाव. भावाने तो दोन ग्रुपवर ढकलला. संध्याकाळी साडेपाचला दारात सहा जण, त्यातल्या तिघांकडे तोफेएवढे कॅमेरे. आई पडली जुन्या वळणाची, आलेल्यांना चहा. ते जास्वंदीच्या मागे सरकत सरकत गेले, पानं तुडवली, आणि एकाने खिशातून छोटा स्पीकर काढून नवरंगाचीच शीळ वाजवली. मला तेव्हा वाटलं वा, काय टेक्नॉलॉजी आहे. तो लगेच बाहेर आला, भिंतीवर ताठ उभा राहून मान वर टाकून शीळ घालायला लागला, दोन सुरांची, पहिला वर जाणारा दुसरा खाली येणारा, कॅमेरे कडकड वाजले, सगळे खूश. पण मी वहीत वेळा लिहीत होते म्हणून कळलं की त्यानंतर चाळीस मिनिटं त्याने एक पान उलटलं नाही. नुसता इकडून तिकडे, भिंत, आंबा, भिंत, शोधत होता दुसरा कुठे आहे ते.

सरांना फोनवर सांगितलं तर पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं कट झाला. मग म्हणाले, "त्याला वाटलं दुसरा नर आलाय. प्रवासात दमलेला प्राणी, खायच्या वेळेला त्याला भांडायला लावलं." पिल्लं काढायच्या दिवसांत असं केलं तर ते अजून वाईट, म्हणाले. स्टेटस काढला, ग्रुपवर भावाकडून खोटंच लिहून घेतलं की पक्षी उडून गेला. शनिवारी दोघे तरी आलेच, त्यांना आईने दारातूनच परत पाठवलं, गुडघा पुढे करून, म्हणजे अक्षरशः पट्टी दाखवून, की मला उठबस होत नाही, घरात कुणी नाही. मी आत बसले होते.

बोक्याचा बंदोबस्तही तिच्याकडेच. फिजिओथेरपिस्टने रोज घरातल्या घरात दहा फेऱ्या सांगितल्या होत्या आणि मार्चपासून त्या चारच्या वर कधी गेल्या नव्हत्या. आता ती स्वयंपाकघर ते मागचं दार अशा फेऱ्या मारायला लागली, दारापाशी पोचलं की वॉकर फरशीवर एकदा आपटायचा म्हणजे बोका भिंतीवरून पळायचा. वॉकरच्या आवाजाला नवरंग पण दचकायचा पहिले दोन दिवस, मग नाही. रविवारी चौदा फेऱ्या झाल्या.

काचेचं सांगायचं राहिलं. मला वाटलं एक मोठा गरुडाचा स्टिकर लावू, मिळतात तसले. सर म्हणाले एका स्टिकरचा उपयोग नाही, पक्षी त्याला चुकवून बाजूच्या मोकळ्या काचेत घुसतो. काचभर खुणा हव्यात, दोन खुणांत दोन इंचांपेक्षा जास्त जागा नको, आणि त्या बाहेरून हव्यात, आतून लावल्या तर प्रतिबिंबाच्या मागे लपतात. आता एवढ्या मोठ्या काचेवर दोन-दोन इंचांवर ठिपके कोण काढणार? आईने कपाटातून तिचा रांगोळीचा ठिपक्यांचा कागद काढला. तिच्या सासूबाईंच्या वेळचा, जाड पुठ्ठ्यासारखा, उदबत्तीने एका ओळीत भोकं पाडलेला, कडा जळून तपकिरी झालेल्या. ती भोकं इंचा-इंचावर. "एक सोडून एक घे," म्हणाली, "झाले तुझे दोन इंच." ती खुर्चीवर बसून सूचना देत होती, चिरंजीवाने कागद काचेला धरला आणि मी पांढऱ्या ऑइलपेंटमधे कापसाची काडी बुडवून ठिपके दिले. सोमवारी अकरा ते दीड. त्यासाठी आधी काच पुसावी लागली, ठसा त्यात गेला, त्याचा फोटो काढलाय पण फोटोत तो नुसता मळ दिसतो. शेवटच्या रांगेला आई म्हणाली ही तिरकी झाली, पुसून परत काढ. पुसली आणि परत काढली. तेव्हापासून काचेपाशी काही पडलेलं सापडलेलं नाही. आतल्या खोलीत दुपारी सगळ्या जमिनीवर ठिपक्यांची सावली पडते, भावाला ते आवडलेलं नाही, म्हणाला एवढी महाग काच घातली होती. त्याला म्हटलं तू घातलीस म्हणूनच.

लग्नघरच्यांना मी हॅलोजनबद्दल काही बोलले नाही. लेकीचं लग्न, पाऊस, गेलेली लाईट, त्यात मी जाऊन सांगणार की तुमच्या उजेडाने आमच्याकडे पक्षी आला? पत्रावळीवर लाडू आले, आम्ही खाल्ले.

जून लागल्यावर काकूंनी भिंतीवरून विचारलं, आता तरी झाडणार का. आईला खराटा धरता यायला लागला होता तोवर. तिने पुढचं अंगण झाडलं, धुण्याच्या दगडाभोवती झाडलं, आंब्याच्या बुंध्यापर्यंत आली आणि तिथून पानं उलट आंब्याखाली लोटली. काकूंना म्हणाली, "अहो खत होतंय."

वहीतली शेवटची पानं अशी आहेत. २५ मे, संध्याकाळी ६:५२ ते ७:१०, शीळ, मधे मधे थांबून. २६ मे, सकाळी ५:४८ ला शीळ, दिवसभर चार वेळा दिसला, ठिपके काढत होतो तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात बसून बघत होता (हे चिरंजीवाचं अक्षर). संध्याकाळी ६:५५ ला फक्त तीन वेळा शीळ, मग पाऊस. २७ मे, ५:४० ते ६:३०, शीळ नाही. ८:१० ला आंब्याखाली पानं हलली म्हणून तिघंही दारात गेलो. सातभाई होते. सात नाही, नऊ.